शंका घ्यायची तर पुरती घे

प्रिय,

अनेक आशीर्वाद. अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरच्या बंदोबस्ताची आणि तिथल्या शहरी तरुणांसाठीच्या उपक्रमाची, अशा दोन बातम्या तू पाठवल्यास. दोन्हींवर तुझा शेरा एकच: ‘सगळी धूळफेक’. शंका आली हे बरंच झालं. पण असा शेरा बातमी न वाचताही मारता येतो, म्हणून तो मला खटकला.

सीमेवर सरकार सांगेल ते खरं मानावं, असं मी मुळीच म्हणणार नाही. २००६ साली बोइंगला कंत्राट देऊन कॅमेरे आणि रडारचे मनोरे उभारायची ‘एसबीआयनेट’ योजना निघाली. सुमारे १ अब्ज डॉलर खर्ची पडले, ॲरिझोनातला जेमतेम ५३ मैलांचा पट्टा झाला आणि जानेवारी २०११ मध्ये गाशा गुंडाळला. तेव्हा शंका घेणारे बरोबर ठरले.

पण सीमेवर पकडलेल्यांचा आकडा वाढला की ‘लोंढे आले’ आणि घटला की ‘सीमा सुरक्षित झाली’, ही दोन्ही अनुमानं उतावीळच. मार्च २०२० ते मे २०२३ या काळात कोविडच्या साथीचं कारण देऊन ‘टायटल ४२’ हा सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखालचा आदेश लागू होता. पकडलेल्या अनेकांना खटल्याबिटल्याच्या भानगडीत न पडता सरळ परत धाडत. गमवायचं काही नसल्यानं त्यातले कित्येक पुन्हा यायचे. सरकारी तक्त्यात माणसं मोजत नाहीत, घटना मोजतात. तीनदा सापडलेला एकच माणूस तिथे तीन होतो. म्हणजे आकडा खरा, पण त्यावरचा मथळा दिशाभूल करणारा. अमली पदार्थांच्या जप्तीचंही तेच. माल जास्त येतोय की पकडणारे तरबेज झालेत, हे नुसत्या किलोंवरून कसं कळणार?

तरुणांच्या उपक्रमांवर तू जास्तच कडवट झाला आहेस, म्हणून तिथे जरा थांबतो. कडवटपणाला आधार आहे. १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या रॉवे तुरुंगात वाट चुकलेल्या पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दम भरवायची ‘स्केअर्ड स्ट्रेट’ची टूम निघाली. टीव्हीवर वाहवा झाली, ठिकठिकाणी नकला झाल्या. पुढे चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांची तुलना झाली, तेव्हा दिसलं की तुरुंग पाहून आलेली पोरं न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करत होती. हेतू चांगला, परिणाम उलटा.

पण त्याच कसोटीवर शिकागोचा प्रयोगही पाहा. हिंसाग्रस्त वस्त्यांमधल्या १३ शाळांतले १,६३४ विद्यार्थी घेतले आणि सोडतीनं काहींना ८ आठवड्यांचं पगारी उन्हाळी काम दिलं, बाकीच्यांना नाही. निष्कर्ष २०१४ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत छापून आले. १६ महिन्यांत काम मिळालेल्या गटात हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी. ‘रिकाम्या पोरांना गुंतवून ठेवलं, दुसरं काय’ असं तू म्हणशील. गंमत म्हणजे फरक बराचसा काम संपल्यानंतरच्या महिन्यांत पडला! आणि चोरीसारख्या गुन्ह्यांत तशी घट दिसली नाही, हेही त्याच लेखात लिहिलंय. मला तर या कबुलीमुळेच त्यावर जास्त भरवसा वाटला.

तू पाठवलेल्या बातमीत ‘इतक्या तरुणांना लाभ’ एवढंच आहे. लाभ म्हणजे नाव नोंदवलं, की शेवटपर्यंत टिकले? ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांचं काय झालं? हे न विचारता तू हसलास आणि बातमीदारानं न विचारता टाळ्या वाजवल्या. तुम्हा दोघांत मला फारसा फरक दिसत नाही, रागावू नकोस.

त्या उपक्रमाचा मूळ अहवाल शोध. तुलनेचा गट कुठला, ते पहिल्यांदा बघ. गटच नसेल तर तसं कळव, मग तुझ्या शेऱ्याखाली मीही सही करतो.

तुझा,
काका