लंडन फुकटात, मुक्काम मात्र लाख रुपये रात्र

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वय ४१, पगार हातात ९५ हजार, घरखर्च ६० हजार. पीएफ सोडून बचत म्हणजे ७ लाखांची एफडी. मे महिन्यात बायको आणि ९ व ६ वर्षांच्या दोन मुलांसह आठ रात्री लंडन. विमान तिकिटं आणि व्हिसाचे पैसे भरून झालेत. एजंट प्रेक्षणीय स्थळांचा पास घ्या म्हणतो, चौघांचे ५० हजार. प्रश्न एवढाच, की पास घ्यावा की फुकटची ठिकाणं बघावीत? आणि मग जाता जाता एक वाक्य: ‘राहण्याचा खर्च शून्य आहे, आमच्याकडे हॉलिडे क्लबची मेंबरशिप आहे.’

पासचं उत्तर दोन मिनिटांत देतो. घेऊ नका. २००१ पासून तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायम दालनांना तिकीट नाही, वेगळं तिकीट फक्त खास प्रदर्शनांना. नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही तिन्ही साउथ केन्सिंग्टनला शेजारी शेजारी आहेत. मुलं डायनोसॉरपासून हलणार नाहीत, तेव्हा दोन दिवस तिथेच धरा. (व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये वाघनखं शोधत बसू नका, ती २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आहेत. टिपू सुलतानचा लाकडी वाघ मात्र तिथेच आहे.) ब्रिटिश म्युझियमला एक दिवस, नॅशनल गॅलरी आणि टेट मॉडर्न मिळून एक. स्काय गार्डन या उंच इमारतीच्या माथ्यावरच्या बागेतून सगळं शहर दिसतं, तेही फुकट, पण वेळ ऑनलाइन आधी राखावी लागते आणि चांगल्या वेळा भराभर संपतात. प्रिमरोझ हिलजवळचं डॉ. आंबेडकरांचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं, तिथे जाच. कोहिनूर बघायचा हट्ट असेल तर टॉवर ऑफ लंडनचं तेवढं सुटं तिकीट काढा. ११ वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबमधून, म्हणजे तिथल्या मेट्रोतून, फुकट जातात. झाले ५० हजार वाचवून.

आता त्या शून्याकडे येऊ.

तुम्हीच लिहिलंय: तीन वर्षांपूर्वी मॉलमध्ये कूपन भरलं, ‘तीन रात्री मोफत’ लागल्याचा फोन आला, पतिपत्नी दोघांनी हॉटेलात यायची अट होती. साडेचार लाखांची २५ वर्षांची मेंबरशिप, वर्षाला सहा रात्री, पैसे १४ टक्क्यांच्या कर्जावर, ४८ हप्ते. त्या हॉलमध्ये मीही एकदा बसलो आहे. मोठ्याने गाणी चालू असतात, दर दहा मिनिटांनी कुठल्या तरी टेबलावर टाळ्या वाजतात, समोरचा मुलगा कोऱ्या कागदावर ‘हॉटेलचा खर्च २५ वर्षांत किती’ ते मांडून दाखवतो आणि खाली दोन रेघा मारतो. मी तो कागद घरी न्यायला मागितला. ‘सर, तो इंटर्नल आहे.’

तो हिशेब आता आपण करू. हप्ता सुमारे १२,३००. छत्तीस भरून झाले, म्हणजे ४ लाख ४३ हजार. वार्षिक देखभाल शुल्क पहिल्या वर्षी १८ हजार, दरवर्षी ६ टक्के वाढ. तीन वर्षांचे ५७ हजार. एकूण ५ लाख. या काळात तुम्ही राहिलात महाबळेश्वरला पाच रात्री. एका रात्रीला एक लाख पडले. त्यात जेवण नव्हतं, हेही तुम्हीच लिहिलंय.

‘अजून २२ वर्षं आहेत, वसूल होईल,’ असं मनात आलं असेल. नाही होणार. पुढच्या २२ वर्षांचं नुसतं देखभाल शुल्कच सव्वानऊ लाखांच्या आसपास जातं. सगळं मिळून १६ लाख, १५० रात्री. एकही रात्र वाया न घालवता, सुट्टीच्या गर्दीतही बुकिंग मिळत गेलं तर रात्रीला साडेदहा हजार. आणि बुकिंग मिळत नाही, ही तर तुमचीच तक्रार आहे.

लंडनच्या मुक्कामाबद्दल क्लब म्हणतो, ‘एक्स्चेंजची (म्हणजे क्लबमधल्या रात्रींच्या बदल्यात दुसरीकडे खोली देण्याची) विनंती घेतली आहे, महिनाभर आधी कळवू.’ याला बुकिंग म्हणत नाहीत. विनंतीची पावती हॉटेलच्या काउंटरवर कोणी विचारणार नाही. आजच रद्द करता येईल अशी खोली घेऊन ठेवा. रात्रीला १८० पौंड, पौंड १२० रुपये धरला तर आठ रात्रींचे पावणेदोन लाखांच्या आत. क्लबने खरंच दिलं तर ही रद्द करा.

बाकी कामं. उरलेलं कर्ज १ लाख ३७ हजारांच्या आसपास असेल, मुदतपूर्व फेडीचं शुल्क विचारून ते एफडी मोडून फेडा. ७ टक्के व्याज घेऊन १४ टक्के भरणं हा कसला व्यवहार? रागाच्या भरात हप्ते मात्र थांबवू नका. कर्ज वित्तसंस्थेचं आहे, क्लबशी भांडण झालं तरी सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, तुमचाच बिघडेल. कर्ज, खोली आणि लंडनमधला बाकीचा सव्वा लाखांचा खर्च गेला की एफडीतले अडीच लाखांवर उरतात. चार महिन्यांचा घरखर्च, बास. सुटलेला हप्ता आरडीत टाका, वर्षात दीड लाख होतात.

करारात सभासदत्व सोडण्याचं कलम शोधा आणि लेखी अर्ज करा. एक रुपया परत न मिळता देखभाल शुल्क थांबलं तरी तो तुमचा फायदाच आहे. तोंडी आश्वासनांचे मेल, मेसेज जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल शुल्क नाही; पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून बुकिंग नाकारल्याच्या तारखा घेऊन या महिन्यातच वकिलाला भेटा. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि ‘तुमची मेंबरशिप विकून देतो, फक्त नोंदणीचे २५ हजार भरा’ असा फोन येईल. तो ठेवून द्या.

ता. क. मध्ये तुम्ही लिहिलंय, की मेहुण्याचं नाव सुचवलंत म्हणून क्लब दोन रात्री जादा देणार आहे आणि रविवारी त्याला सपत्नीक हॉटेलात बोलावलंय. त्याला आज फोन करा. शनिवारी नाही, आज.