बेन एनवॉन्वू आणि सूर्याचा डोळा

आपण विचारले आहे की, पारंपरिक प्रतीके आणि लोककथांतून प्रेरणा घेणारा, आवर्जून स्मरावा असा आफ्रिकी शिल्पकार कोण. माझ्या मनात सर्वप्रथम नायजेरियाचे बेन एनवॉन्वू (१९१७–१९९४) येतात.

ओनित्शा या नायजेरियातील गावी, तिथल्या इग्बो समाजातील कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील परंपरागत मूर्तिकार होते. बेन लहान असतानाच ते वारले आणि त्यांची कोरीव कामाची हत्यारे मुलाकडे आली. पुढे लंडनच्या स्लेड कलाशाळेत त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. त्यामुळे परंपरा त्यांना ग्रंथालयात शोधावी लागली नाही, ती घरातच होती, ही गोष्ट मला त्यांच्या पदव्यांहून महत्त्वाची वाटते.

त्यांचे ‘अन्यान्वू’ हे कांस्यशिल्प मी केवळ छायाचित्रांतूनच पाहिले आहे, तरीही ते डोळ्यांसमोरून हलत नाही. इग्बो भाषेत ‘अन्या’ म्हणजे डोळा आणि ‘अन्वू’ म्हणजे सूर्य; उगवत्या सूर्याला वंदन करण्याच्या जुन्या इग्बो प्रथेचा त्यामागे आधार आहे. खाली निमुळती होत गेलेली एक शेलाटी स्त्री जमिनीतून कोंब फुटावा तशी वर उसळताना दिसते, आणि तिच्या मस्तकावर मात्र बेनिनच्या (आजच्या नायजेरियातील एका जुन्या राज्याच्या) राजघराण्यातील स्त्रियांचा, पुढे चोचीसारखा निघालेला शिरोभूषणाचा घाट आहे. देवता इग्बोंची आणि अलंकार बेनिनचा, हा मेळ सहज जमलेला नसावा. हे शिल्प घडले १९५० च्या दशकाच्या मध्यास, देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना, आणि तेही लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी, ज्याची उभारणी त्यांचेच शिक्षक केनेथ मरे यांनी केली. ज्या बेनिनमधून १८९७ साली ब्रिटिश सैन्याने हजारो कलावस्तू लुटून नेल्या, त्याच बेनिनचा अलंकार ल्यालेली ही मूर्ती संग्रहालयाच्या दाराशी उभी राहिली, यात मला केवळ सौंदर्य दिसत नाही.

१९५७ मध्ये त्यांनी राणी एलिझाबेथ यांचा पुतळा घडवला, तेव्हा ओठ जाड दाखवून राणीला आफ्रिकी रूप दिल्याची टीका झाली. त्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. मला त्यापेक्षा ‘शांगो’ अधिक आवडतो. शांगो हा योरुबांचा, म्हणजे नायजेरियातील आणखी एका समाजाचा, मेघगर्जनेचा आणि विजेचा देव. कुऱ्हाड उगारलेली त्याची कांस्यमूर्ती एनवॉन्वू यांनी १९६४ मध्ये घडवली, आणि तिला जागा मिळाली लागोसमधील वीज कंपनीच्या मुख्यालयासमोर! देवाला त्याचे खाते नेमके मिळाले, असे म्हणावेसे वाटते.

आपले कधी न्यूयॉर्कला जाणे झाले, तर लागोस गाठावे लागणार नाही. ‘अन्यान्वू’ची एक प्रतिकृती नायजेरियाने १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला भेट दिली असून ती तेथील मुख्यालयात आहे.