डॉक्स आपोआप येतात, तरी फोन वाजतोच

प्रश्न : ताई, नमस्कार. ऑर्डरची एपीआय (ॲप आणि सर्व्हर ज्यातून बोलतात ती) मी फास्टएपीआय या पायथॉन फ्रेमवर्कमध्ये बांधली. पत्त्याच्या शेवटी ‘/डॉक्स’ टाकलं की माहितीचं सगळं पान तयार मिळतं. तरी मोबाइल ॲप लिहिणारा मुलगा दिवसातून पाच-सहा वेळा फोन करतो. आमचे वरिष्ठ म्हणतात, वेगळी वर्ड फाइल लिहून दे. मग या आपोआप डॉक्युमेंटेशनचा उपयोग काय?
— वैतागलेला बॅकएंडवाला

उत्तर : वर्ड फाइल लिहू नका. कोड बदलतो, फाइल तशीच राहते, आणि मग फोन दुप्पट येतात. हे मी स्वतः करून बसले आहे.

आधी ते पान येतं कुठून ते बघा. तुम्ही फंक्शनला टाइप हिंट (कोणतं मूल्य कोणत्या प्रकारचं ते) देता, डेटा तपासणाऱ्या पायडँटिक लायब्ररीचं मॉडेल लिहिता. त्यावरून फास्टएपीआय एक ओपनएपीआय जेसन (एपीआयचं ठरावीक साच्यातलं वर्णन) बनवतं आणि स्वॅगर यूआय हे टूल ते जेसन वाचून पान रंगवतं. ‘/रीडॉक’वर दिसतं तेही त्याच जेसनचं दुसरं रूप. म्हणजे तुम्ही कोडमध्ये जे सांगितलं तेवढंच पानावर येणार. मनात ठेवलेलं कुठून येईल?

माझीच गोष्ट सांगते. पार्सलच्या एका प्रकल्पात मी ‘वेट’ नावाचं फील्ड ठेवलं, टाइप फ्लोट (दशांश संख्या). माझ्या डोक्यात किलो, ॲपवाल्याच्या डोक्यात ग्रॅम. डॉक्सवर दोघांनाही ‘नंबर’ एवढंच दिसत होतं. ५०० ग्रॅमची पाकिटं आमच्या हिशेबात ५०० किलोची झाली आणि नियोजनाचा प्रोग्रॅम एकेका पाकिटाला टेम्पो मागायला लागला. चूक सापडायला अर्धा दिवस गेला, कारण एरर कुठेच नव्हती. व्हॅलिडेशन पास, स्टेटस २०० (म्हणजे ‘यशस्वी’), सगळं हिरवंगार. आता त्या फील्डचं नाव ‘वेट_ग्रॅम्स’ आहे, टाइप इंट (पूर्णांक) आहे, आणि पायडँटिकच्या ‘फील्ड’मध्ये ‘जीटी=०’ (शून्याहून जास्त), ‘एलई=३००००’ (३०००० पर्यंत) लिहिलंय. या मर्यादा दुहेरी कामाच्या असतात : चुकीचा आकडा दारातच अडवतात आणि पानावरही दिसतात. सोबत ‘डिस्क्रिप्शन’ आणि एखादं खरं वाटणारं उदाहरण द्या. उदाहरणात ‘स्ट्रिंग’, ‘स्ट्रिंग’ दिसलं की ते पान कोणी वाचत नाही. मी तरी नाही वाचत.

आता एररकडे या. माझा अंदाज असा की तुमचे निम्मे फोन इथूनच येत असणार. चुकीचा डेटा आला तर मिळणारा ४२२ हा एरर कोड फास्टएपीआय स्वतःहून डॉक्समध्ये दाखवतं. पण फंक्शनच्या पोटात तुम्ही ‘एचटीटीपीएक्सेप्शन’ उठवून ४०४ (सापडलं नाही) किंवा ४०९ (सध्याच्या स्थितीशी विरोध) देता, त्याचा फास्टएपीआयला पत्ता नसतो. ‘ऑर्डर आधीच रद्द झाली आहे’ असं सांगणारा ४०९ ॲपवाल्याला पहिल्यांदा कधी दिसतो? ॲप कोसळल्यावर. हे स्टेटस फंक्शनच्या वरच्या ‘@’ ओळीतल्या, म्हणजे डेकोरेटरमधल्या ‘रिस्पॉन्सेस’मध्ये हाताने लिहावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

उत्तराचा आकारही सांगून ठेवा, ‘रिस्पॉन्स_मॉडेल’ देऊन किंवा फंक्शनच्या रिटर्न टाइपमधून. नाही दिला तर डॉक्समध्ये २०० खाली काहीच समजत नाही. शिवाय मॉडेलमध्ये नसलेली फील्डं जाता जाता गाळली जातात, त्यामुळे डेटाबेसमधल्या युजरच्या ओळीसोबत पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) बाहेर जाण्याचा प्रकार टळतो.

आणि पुढचा आठवडाभर त्या मुलाचे प्रश्न वहीत लिहून घ्या. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर फोनवर द्याच, पण लगेच कोडमध्येही टाका : फील्डचं असेल तर डिस्क्रिप्शनमध्ये, एंडपॉइंटचं (एपीआयच्या एखाद्या पत्त्याचं) असेल तर फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या वर्णनात. डॉकस्ट्रिंग जशीच्या तशी पानावर येते, मार्कडाउनही चालतं. आणि जुना एंडपॉइंट बंद करणार असाल तर ‘डेप्रिकेटेड=ट्रू’ लावा, डॉक्समध्ये तो खोडलेला दिसतो. वरिष्ठांना फाइलऐवजी त्या पानाची लिंक पाठवा.

प्रश्न : वेग वाढेल म्हणून फास्टएपीआयमधल्या सगळ्या साध्या ‘डेफ’ फंक्शनना ‘एसिंक डेफ’ (वाट बघताना दुसरं काम होऊ देणारं) केलं. एपीआय उलट हळू झाली. असं का?
— गोंधळलेली

उत्तर : कारण आत ‘रिक्वेस्ट्स’ ही उत्तर येईपर्यंत अडून बसणारी लायब्ररी किंवा तसाच साधा डेटाबेस ड्रायव्हर तसाच राहिला असणार. ‘एसिंक डेफ’ थेट इव्हेंट लूपवर, म्हणजे सगळी कामं आळीपाळीने चालवणाऱ्या एकाच थ्रेडवर चालतं. त्यात एक कॉल दोन सेकंद अडून बसला की त्या प्रोसेसमधल्या बाकीच्या सगळ्या रिक्वेस्टही दोन सेकंद ताटकळतात. साधं ‘डेफ’ मात्र फास्टएपीआय थ्रेडपूलमध्ये, म्हणजे कामं समांतर करणाऱ्या थ्रेडच्या गटात पाठवतं (मुळात ४० थ्रेड), म्हणून तिथे एकाने अडवलं तरी इतरांचं चालू राहतं. एक तर आतलंही सगळं एसिंक करा, म्हणजे एचटीटीपीएक्स, एसिंकपीजी वगैरे एसिंक लायब्ऱ्या वापरून. नाहीतर साध्या ‘डेफ’वर परत या. परत येण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : आमचं सगळं जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये (डीआरएफ, एपीआय बांधायचं दुसरं पायथॉन फ्रेमवर्क) आहे. फक्त डॉक्ससाठी फास्टएपीआयकडे जावं का?

उत्तर : नाही. चालतं घर डॉक्ससाठी मोडू नका. ‘डीआरएफ-स्पेक्टॅक्युलर’ बसवा. ते तुमच्या सिरियलायझरवरून (डेटाचा आकार सांगणाऱ्या क्लासवरून) ओपनएपीआय स्कीमा काढतं आणि स्वॅगरचं पानही देतं. त्याच्या कमांडमध्ये वॉर्निंग आली की बिल्ड पाडायचा पर्याय आहे, तो सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) लावा. पहिल्यांदा चालवाल तेव्हा वॉर्निंगची रांग लागेल. साध्या एपीआयव्ह्यूमध्ये सिरियलायझर कोणता ते त्याला ओळखता येत नाही, बहुतेक तक्रारी त्याच असतात. प्रत्येक ठिकाणी ‘एक्स्टेंड_स्कीमा’ लावून तो सांगून टाका.