आरोग्य प्रश्नोत्तरे : जन्मतः नसलेली कॅरॉटिड धमनी

प्रश्न : माझ्या पत्नीचे वय ४३ आहे. वरचेवर डोके दुखते म्हणून केलेल्या एमआर अँजिओग्राफीच्या अहवालात ‘डावी अंतर्गत कॅरॉटिड धमनी दिसत नाही, ती जन्मतः नसण्याची शक्यता, कवटीच्या तळाचा सीटी स्कॅन करावा’ असे लिहिले आहे. तिला अर्धांगवायूचा झटका कधीही आलेला नाही. आमचे एक नातेवाईक मात्र ‘हे ब्लॉकेजच आहे, स्टेंट टाकून घ्या’ असा आग्रह धरत आहेत. एवढी मोठी धमनी नसताना मेंदूचे काम चालते कसे? आमच्या दोन्ही मुलांची तपासणी करावी का? – एक वाचक, सातारा

उत्तर : स्टेंटचा विचार बाजूला ठेवून अहवालात सुचवलेला सीटी स्कॅन आधी करून घ्या, कारण या शंकेचा निकाल हाडावरून लागतो. मानेतून डोक्याकडे रक्त नेणाऱ्या मुख्य कॅरॉटिडचे स्वरयंत्राच्या वरच्या कडेच्या सुमारास दोन फाटे होतात. बाहेरचा फाटा चेहऱ्याला आणि डोक्याच्या त्वचेला रक्त पुरवतो, तर आतला फाटा, म्हणजेच अंतर्गत कॅरॉटिड, मानेत एकही शाखा न देता कवटीच्या तळाच्या हाडातील बोगद्यातून मेंदूकडे जातो. गर्भावस्थेत ही धमनी आधी तयार होते आणि हाड मागाहून तिच्याभोवती आकार घेते. त्यामुळे धमनी मुळात झालीच नसेल, तर बोगदाही नसतो. ती पुढे चरबी साचून किंवा भिंतीला चीर पडून बंद झाली असेल, तर बोगदा नेहमीच्या रुंदीचा राहतो. आणि बोगदा असूनही अरुंद असेल, तर धमनी तयार झाली पण पुरेशी वाढली नाही, असे समजावे. मानेच्या डॉप्लर तपासणीत त्या बाजूची मुख्य कॅरॉटिड सुरुवातीपासूनच बारीक दिसणे, हाही जन्मजात दोषाकडे बोट दाखवणारा पुरावा असतो.

बोगदा नसेल, तर स्टेंट टाकायला जागाच नाही. दीर्घकाळ पूर्ण बंद असलेली कॅरॉटिडसुद्धा सहसा उघडली जात नाही, हे आपल्या नातेवाइकांना सांगावे.

धमनी जन्मतः नसण्याची ही रचना दहा हजारांत एकाहूनही कमी व्यक्तींमध्ये आढळते. १७८७ साली टोडे यांनी शवविच्छेदनातून तिचे पहिले वर्णन केले आणि जिवंत रुग्णात ती अँजिओग्राफीने दिसायला १९५४ साल उजाडावे लागले. मेंदूच्या तळाशी विलिसचे वर्तुळ नावाचे धमन्यांचे कडे असते. त्यातून उजव्या कॅरॉटिडचे आणि मानेच्या मागच्या व्हर्टिब्रल धमन्यांचे रक्त डाव्या अर्ध्या मेंदूला मिळते. गर्भापासूनच हा मार्ग रुळलेला असल्यामुळे पुष्कळ जणांना आयुष्यभर काही जाणवत नाही. काहींमध्ये मात्र हे रक्त मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या खाचेतून आडव्या जाणाऱ्या धमनीने येते. पुढे त्या ग्रंथीची नाकावाटे शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली आणि शल्यविशारदाला हे ठाऊक नसले, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

खरी काळजी घ्यायची ती ॲन्युरिझमची, म्हणजे जास्तीचा प्रवाह वाहणाऱ्या धमनीच्या भिंतीला येणाऱ्या फुग्याची. सर्वसाधारण लोकांत असा फुगा शंभरांत दोन ते चार जणांना असतो. ही धमनी नसलेल्या, वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेलेल्या रुग्णांत मात्र तो सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात आढळला आहे. त्रास झालेलेच रुग्ण प्रामुख्याने नोंदले जात असल्याने हा आकडा मला फुगलेला वाटतो, तरीही तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. तेव्हा आताच्या अँजिओग्राफीत फुगा नाही ना, हे मेंदूविकारतज्ज्ञांना नेमके विचारा आणि पुन्हा तपासणी केव्हा करायची हेही ठरवून घ्या. डोकेदुखीचा या रचनेशी संबंध असेलच असे नाही. अर्धशिशी किंवा वाढलेला रक्तदाब ही कितीतरी अधिक नेहमीची कारणे आहेत. डाव्या डोळ्याची पापणी किंचित खाली आणि बाहुली लहान दिसत असेल, तर तेही सांगा, कारण कॅरॉटिडच्या सोबतीने जाणाऱ्या मज्जातंतूंवर त्यामागे परिणाम झालेला असू शकतो.

उजव्या कॅरॉटिडवर आता दोन्ही बाजूंचा भार असल्याने रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात हवे; मिश्रीसह तंबाखू कोणत्याही रूपात नको. क्षणार्धात सुरू झालेली, पूर्वी कधीच न अनुभवलेल्या तीव्रतेची डोकेदुखी झाल्यास गोळी घेऊन वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. मुलांबाबत : बहुतेक वेळा कुटुंबात असे एकच उदाहरण असते, म्हणून त्रास नसताना त्यांची तपासणी करण्याचे कारण नाही.

प्रश्न : अंथरुणात कूस बदलताना मला गरगरते. एमआरआयमध्ये ‘उजवी व्हर्टिब्रल धमनी जन्मतः बारीक’ असे आले आहे. चक्कर त्यामुळेच येते का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बहुधा नाही. वरची रचना दुर्मिळ आहे, ही मात्र तशी नाही. दोन व्हर्टिब्रल धमन्यांपैकी एक, बहुतेकदा उजवी, बारीक असणे पुष्कळ निरोगी माणसांत दिसते आणि दुसरी ती उणीव भरून काढते. कूस बदलताना काही सेकंद येणारी भोवळ अधिक करून आतल्या कानातील सूक्ष्म खडे जागचे हलल्याने येते. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोके विशिष्ट क्रमाने फिरवून ते पूर्ववत करू शकतात. चकरेबरोबर बोलणे अडखळणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा चालताना तोल जाणे असे काही असेल, तर मात्र त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.