मॉरिशसला पहिल्यांदाच जातोय, बीच आणि रिसॉर्ट सोडून बघण्यासारखं काय आहे?

भरपूर आहे, त्यामुळे सगळे दिवस रिसॉर्टमध्ये नका घालवू, कळकळीने सांगतोय. मी कामानिमित्त तिथे राहिलोय आणि आपले लोक बीच, स्पीडबोट, फोटो एवढंच करून परत येतात याचं खरंच वाईट वाटतं.

आधी पोर्ट लुईसला आप्रवासी घाट बघा. गुलामगिरी बंद होत असताना उसाच्या मळ्यांसाठी माणसं हवी होती म्हणून इंग्रजांनी १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिया म्हणजे करारावर बांधलेले मजूर आणले, साडेचार लाखांच्या आसपास, ते ज्या दगडी पायऱ्यांवरून वर आले त्या अजून आहेत. बिहारचे जास्त, पण मुंबई बंदरातून कोकण, सातारा, कोल्हापूरकडचेही गेले. त्यांचे वंशज आज घरात बहुतेक क्रिओल (फ्रेंचवरून आलेली तिथली बोली) बोलतात, पण गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, कास्कावेल गावात विठ्ठल-रुक्मिणीचं मंदिर आहे आणि आपल्या कोकणातल्या जाखडी नाचासारखी झाकरी अजून होते. गणपतीत गेलात तर विसर्जन चुकवू नका, मला तरी तिथलं सगळ्यात जास्त तेच आवडलं.

तिथून जवळच सेंट्रल मार्केट आहे, तिकडे ढोल पुरी खा, म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणा, मऊ, डाळ भरलेली, दोन एकत्र देतात, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची रुगाय आणि चटणी, पूर्ण व्हेज असते आणि हॉटेलातल्या बुफेपेक्षा कितीतरी स्वस्त.

हॉटेल घेताना किनारा बघून घ्या. जून ते ऑगस्ट पूर्वेला जोरात वारं असतं, तेव्हा पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक किंवा उत्तरेला ग्रँड बे बरं. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे म्हणून पाणी शांत असतं, पण दक्षिणेला ग्री-ग्रीला ती भिंत तुटते आणि लाटा थेट कड्यावर आपटतात, बघायला जबरदस्त पण पाण्यात अजिबात उतरू नका. जानेवारी ते मार्च वादळांचे महिने, शक्यतो टाळा.

व्हिसा आधी काढायला लागत नाही, रिटर्न तिकीट आणि हॉटेल बुकिंगची प्रिंट जवळ ठेवा. बस चांगल्या आहेत, फक्त गावांकडच्या संध्याकाळी लवकर बंद होतात. आणि जुलैत जाणार असाल तर एखादा स्वेटर घ्या, तेव्हा तिकडे हिवाळा असतो आणि क्युरपिपला उंचीमुळे संध्याकाळी चांगलीच थंडी वाजते.