बाबा रडत नाहीत, मग हे डिप्रेशन कसं?

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपासून पहाटे तीनलाच जागे होतात. पोट जड आहे, अंगात त्राण नाही म्हणतात. सोनोग्राफी, ईसीजी ठीक आले. अंबाझरीचं फिरणं बंद झालं, रविवारचे तर्री-पोहेही नकोत. रडत नाहीत, उलट चिडतात. नातेवाईक म्हणतात, वय झालं. हे डिप्रेशन असू शकतं का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : असू शकतं. तर्री-पोह्यांचं तुमचं वाक्य पोटाच्या तक्रारीपेक्षा महत्त्वाचं आहे. मन उदास राहणं किंवा आवडीच्या गोष्टींतला रस जाणं, यांपैकी एक तरी लक्षण जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, किमान दोन आठवडे हवं. त्यात झोप, भूक, थकवा, एकाग्रता, मंदावलेली हालचाल, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार यांतली धरून एकूण पाच लक्षणं भरली आणि रोजचं जगणं अडलं, की डॉक्टर या निदानाकडे वळतात. रडणं त्यात असलंच पाहिजे असं नाही. उतारवयात तक्रार बरेचदा पोटाची, अंगदुखीचीच असते. नेहमीपेक्षा दोन तास आधी जाग येते का, सकाळ जड आणि संध्याकाळ जरा बरी जाते का, हे आठवडाभर वहीत टिपा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

‘वय झालं’ म्हणून सोडू नका. वयाने माणूस हळूहळू मंदावतो, दोन महिन्यांत एवढा बदलत नाही.

थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. यांतल्या बिघाडानेही असाच थकवा येतो. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार ओपीडीत जाताना चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या सोबत न्या. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा. ती आणि डिप्रेशनची काही औषधं मिळून ज्येष्ठांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं. मग गुंगी येते, तोल जातो. केमिस्टकडून परस्पर झोपेची गोळी तर आणूच नका. मूळ आजार तसाच राहतो, आणि रात्री उठताना पडून हाड मोडण्याची भीती वाढते.

‘जगणं नको वाटतं का?’ हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं ठेवू नका, घरातली कीटकनाशकं, जास्तीच्या गोळ्या हलवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

औषधाचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ मात्र पहिल्या आठवड्यातच होऊ शकते. तिथेच बरेच जण गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही ती किमान सहा महिने चालते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी होते.

बाबा ‘मनोविकार’ या पाटीला बिचकले, तर ‘झोपेसाठी दाखवू या’ म्हणा. त्यात खोटं काही नाही.