वाचक विचारतात: मिग-२१ चं किट घेताय? आधी साल ठरवा

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला हवाई दलानं निरोप दिला, तेव्हापासून प्लास्टिक किटबद्दलची पत्रं खूप वाढलीत. यावेळी त्यातलीच काही घेतोय.

प्रश्न (जालना): सर, मला १९७१ च्या लढाईतलं आपलं मिग-२१ बनवायचंय. ऑनलाईन बघितलं तर एफ-१३, पीएफ, एमएफ, बिस अशा मिग-२१ च्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची ढीगभर किटं दिसतात आणि मला तर सगळी सारखीच वाटतात, कोणतं घेऊ? आणि माप १/७२ (खऱ्याच्या ७२ पट लहान) का १/४८? याआधी साधी दोन-तीन विमानं जोडलीत.

उत्तर: दादा, तुम्ही साल आधी ठरवलंत हे फार चांगलं केलं, कारण बहुतेक जण बॉक्सवरचं चित्र बघून किट घेतात आणि मग त्याच्यावर भारतीय हवाई दलाची गोल चिन्हं चिकटवतात. तसं केलं की जे विमान आपल्याकडे कधी उडलंच नाही ते कपाटात उभं राहतं. १९७१ ला आपल्या हवाई दलाकडे मुख्यतः मिग-२१ एफएल होतं, हवाई दलातलं नाव टाईप ७७. एमएफच्या घराण्यातली विमानं आपल्याकडे लढाईनंतर आली आणि बिस तर त्याच्याही नंतर. त्यामुळं बाजारात सहज मिळणारं एमएफचं किट कितीही सुंदर असलं तरी तुमच्या कामाचं नाही.

एफएल ओळखायचं कसं ते नीट सांगतो. पहिलं, कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं काचेचं झाकण. एफएलची पुढची काच आणि वरचं झाकण एकत्रच उघडतं आणि ते पुढच्या बाजूला उचललं जातं, एमएफचं झाकण मात्र बाजूला उघडतं आणि पुढची काच जागेवरच राहते. दुसरं, पंखाखालचे पायलॉन, म्हणजे हत्यारं किंवा टाकी टांगायचे आधार. एफएलला प्रत्येक पंखाखाली एकच, एमएफला दोन. तिसरं, पाठ. कॉकपिटच्या मागून शेपटीपर्यंत जाणारा उंचवटा एफएलला बारीक असतो, पुढच्या मॉडेलांत तो फुगत गेला आणि बिसमध्ये तर चांगलाच जाड झाला. आणि चौथं, नाकावरचा लांब पिटो, म्हणजे वेग मोजायची नळी, एफएलला तो वरच्या बाजूला मधोमध, एफ-१३ ला खाली. एवढं पाठ केलं की कुठलाही फोटो बघून तुम्ही सांगू शकाल.

एफएल म्हणजे मुळात पीएफचीच निर्यातीसाठी केलेली आवृत्ती, म्हणून एफएल असं लिहिलेलं किट नाही मिळालं तर पीएफ बघा. एडुआर्ड कंपनीचं १/४८ चं पीएफ आहे. फक्त शेपटीचा उभा पंख रुंद आहे का आणि ब्रेक पॅराशूटची नळकांडी त्याच्या बुडाशी आहे का हे तपासा, एफएलला दोन्ही तसं लागतं.

आता हत्यारं, इथं खरी मजा आहे आणि चुकाही इथंच होतात. एफएलला आतमध्ये तोफच नव्हती! त्या काळात मोठमोठ्या देशांत असं धरून चालले होते की आता मिसाईलनीच लढाई होणार. मिसाईल म्हणजे के-१३, आणि ती अमेरिकेच्या साईडवाइंडरची नक्कल, १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर झालेल्या झटापटीत एक साईडवाइंडर न फुटता चिनी मिगमध्ये अडकून राहिली आणि तिच्यावरून रशियानं ही बनवली. पण आपल्या वैमानिकांना तोफ हवीच होती, म्हणून पोटाखाली जीपी-९ नावाचा गन पॉड, म्हणजे तोफेचा डबा लावला, त्यात २३ मिमीची दुनळी तोफ. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर ४७ स्क्वाड्रनच्या भारत भूषण सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं ते याच तोफेनं. पोटाखाली पायलॉन एकच, त्यामुळं गन पॉड लावला तर मधली इंधनाची टाकी नाही, टाकी लावली तर पॉड नाही. दोन्ही एकदम लावलेली मॉडेलं मी बघतो तेव्हा वाईट वाटतं, कारण बाकी काम एवढं सुरेख केलेलं असतं.

ढाक्याचं विमान करायचं असेल तर वेगळा संच लागतो. १४ डिसेंबरला गव्हर्नर हाऊसवर हल्ला झाला त्यात २८ स्क्वाड्रनची मिग गुवाहाटीहून विंग कमांडर बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली गेली होती, आणि मारा झाला ५७ मिमीच्या रॉकेटांनी. म्हणजे पंखाखाली मिसाईल नाही, रॉकेटचे पॉड. कोणत्या दिवसाचं, कोणत्या स्क्वाड्रनचं हे एका कागदावर लिहून भिंतीला लावा मगच बॉक्स उघडा.

मापाचं म्हणाल तर खऱ्या विमानाचा पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ ला जेमतेम १० सेंटिमीटर आणि १/४८ ला १५. चंदेरी विमानावर पॅनेलच्या रेषा आणि वेगवेगळ्या छटा दाखवायच्या असतील तर १/४८ घ्या, पैसे जास्त जातात पण हात मोकळा राहतो. नाकात वजन टाकायला सांगितलंय का ते इन्स्ट्रक्शन शीटवर आधीच बघून ठेवा, एकदा जोडून बंद केलं की आत काही घालता येत नाही.

प्रश्न (परभणी): सिल्व्हर रंग मारला की ओरखडे दिसतात, आणि कधीकधी वर पांढरट धुकं आल्यासारखं होतंय. रंग खराब निघाला का?

उत्तर: रंगाचा दोष बहुतेक नाही. सिल्व्हर काहीच लपवत नाही, उलट प्लास्टिकवरचा बारीकातला बारीक ओरखडा दाखवून देतो. म्हणून मेहनत रंगाच्या आधी. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात पाण्याचा पॉलिश पेपर मिळतो, १००० नंबरनी सुरू करून २००० पर्यंत ओला करून हळूहळू घासा, मग प्रायमरचा पातळ हात, परत घासणं, मग चकचकीत काळा. हा काळा थर पूर्ण वाळू द्या, घाई नको, बोटाचा ठसा उमटत नाही एवढा कडक झाला पाहिजे. त्यावर सिल्व्हर अगदी पातळ दोन-तीन हातांत. मागचा भाग, जिथं इंजिनची उष्णता लागते तिथले पत्रे थोडे काळपट ठेवा, लगेच विमान खरं वाटायला लागतं.

आता ते धुकं. तुम्ही कूलर चालू ठेवून रंगवता का? मला जवळजवळ खात्री आहे. आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही हे मान्य पण लॅकर रंगातलं थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार होतो आणि कूलरच्या दमट हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं, तेच पांढरं दिसतं. शिवाय कूलर धूळही आणून टाकतो. दुपारी ४२-४३ डिग्रीत रंगवणंही चुकीचंच, तेव्हा रंग विमानापर्यंत पोचायच्या आधीच अर्धा वाळतो आणि खरखरीत बसतो. पहाटे उठून रंगवा, कूलर बंद, खिडकी उघडी, तोंडाला मास्क.

आणि एक, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) भिजवायला बोअरचं पाणी अजिबात वापरू नका. आपलं पाणी जड, वाळलं की कडेनं पांढरे डाग राहतात आणि चंदेरीवर ते जास्तच उठून दिसतात. जारचं किंवा आरओचं वाटीभर पाणी घ्या.

प्रश्न (नांदेड): मिग-२१ ला इंटरसेप्टर का म्हणतात? आणि नाकात तो सुळका कशाला?

उत्तर: १९५० च्या दशकात भीती होती ती खूप उंचावरून येणाऱ्या बॉम्बरची. जमिनीवरच्या रडारनी खबर दिली की लगेच उडायचं, सरळ वर चढायचं, बॉम्बरला गाठायचं, मारायचं आणि परत यायचं, एवढंच काम. इंटरसेप्टर म्हणजे असं वाटेतच अडवणारं विमान. म्हणून विमान छोटं, हलकं, ध्वनीच्या दुप्पट वेगाचं, आणि इंधन कमीच. सुळका हा त्या वेगासाठीच आहे. इंजिनला ध्वनीपेक्षा जास्त वेगानं घुसणारी हवा चालत नाही, सुळक्यामुळं आघात लहरी तयार होतात आणि हवा मंद होऊन आत जाते, वेगानुसार तो पुढंमागं सरकतोही. पीएफ आणि एफएलमध्ये रडार त्याच्याच पोटात बसवलंय. मॉडेलमध्ये तो अगदी मधोमध बसला पाहिजे, समोरून बघितलं की जरासा तिरका असला तरी डोळ्यात खुपतो, म्हणून गोंद वाळेपर्यंत चारी बाजूंनी बघत राहा.

प्रश्न (बीड): मुलगा दहा वर्षांचा आहे, मिग पाहिजे म्हणून हट्ट धरलाय. त्याला जमेल का?

उत्तर: ताई, नक्की द्या, पण गोंद न लागणारं, दाबून बसणारं किट बघा. कटर आणि ब्लेडचं काम तुम्ही करा, बाकीचं त्याला करू द्या. गोंदाचं किट आणलंच तर काचेच्या भागाला फेविक्विक नको, त्याच्या वाफेनं काच पांढरी पडते, तिथं साधा फेव्हिकॉल पुरतो. आणि पार्सल आलं की उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.